कोजागिरी 91 : मोठेबाबांच्या पेटीच्या नोंदी

9 नोव्हेंबर

मोठीआईच्या ट्रंकेत, लग्नातल्या शालूखाली, कॅसेट सापडली. सी-90. वर निळ्या शाईनं "कोजागिरी 91", बाकी काही नाही. मोठेबाबांनी भजन मंडळात तीसेक वर्षं पेटी (हार्मोनियम) वाजवली, पण त्यांचा हात उरला तो एवढ्या एका कॅसेटीत. हनुमानाच्या ओट्यावरचं खंजिरी भजन आहे. कोणीतरी मोनो टू-इन-वन (रेडिओ-टेप) सगळ्यांच्या मधे ठेवून दोन बटणं दाबली होती.

काम आत्ताच आखून ठेवतो, नाहीतर पसरत जाईल. अ बाजूवरचं तिसरं भजन, पावणेसात मिनिटांचं. त्यातली फक्त पेटी उतरवायची. गाणं, खंजिरी, टाळ, तबला काही लिहायचं नाही. लिहायचं भातखंडे पद्धतीनं (सा-रे-ग-म अक्षरांत), कारण तिवशाला शिकवणीला जाणारा आमचा नववीतला पोट्टा तेवढंच वाचतो. 30 एप्रिलला ग्रामजयंती, म्हणजे तुकडोजी महाराजांची जयंती. तोवर त्याच्या बोटात बसायचं तर वही जानेवारीअखेर त्याच्या हाती हवी.

भांडवल असं: मोबाइल दुरुस्तीचं दुकान, भाच्याचा लॅपटॉप, त्यात ऑडासिटी हे आवाजाचं सॉफ्टवेअर, आणि तबलजीचे कान. मात्रा पक्की, स्वर कामापुरता.

12 नोव्हेंबर

कॅसेट लगेच लावली नाही, आधी उघडली. फितीला हेडवर दाबून धरणारा फेल्टचा तुकडा गळून तळाशी पडला होता. तसंच वाजवलं असतं तर सगळं रजईखालून आल्यासारखं ऐकू आलं असतं. दोन्ही रिळं दुसऱ्या एका स्क्रूवाल्या कॅसेटीच्या खोक्यात बसवली. टेपचं हेड आयपीए अल्कोहोलनं पुसलं (मोबाइलचे बोर्ड ज्यानं धुतो तेच), रबरी चाक पुसलं, बेल्ट नवीन टाकला. बेल्टसाठी अमरावतीला दोन फेऱ्या झाल्या.

हेडशेजारचा बारका अझिमथचा स्क्रू फिरवत फिरवत टाळेचा आवाज जिथं सगळ्यात चकचकीत झाला तिथं सोडला. ज्या टेपवर रेकॉर्ड झालं तिचं हेड जितकं तिरकं होतं, तितकं माझं तिरकं व्हायला पाहिजे. सरळ असून उपयोग नाही.

13 नोव्हेंबर

संध्याकाळी लाइन गेली, आणि पहिल्यांदाच तिला शिव्या दिल्या नाहीत. टेप सेलवर, लॅपटॉप बॅटरीवर, गावभर मोटार नाही की पंखा नाही. आता जी घरघर फायलीत उतरेल ती माझ्या घरातली नसणार, त्या रात्रीचीच. अ बाजू पूर्ण घेतली. वेव्ह फाइल, 24 बिट. मूळ फाइल वेगळी ठेवून दिली, तिला हात लावायचा नाही.

मोठीआई दारात उभी राहून ऐकत होती. पहिल्या भजनाच्या आधी कोणीतरी खोकतं. "हे त्यायचं," म्हणाली आणि चहा ठेवायला गेली.

15 नोव्हेंबर

पहिला घोळ. पेटी कुठल्याच पट्टीत बसत नाही. तिसऱ्या भजनात सा मोजला तर 288.6 हर्ट्झ. काळी एक (सप्तकातली पहिली काळी पट्टी) 277.2 ची, तिच्या पुढची पांढरी दोन 293.7 ची. हा मधेच कुठं लटकलेला. त्यात भजनाच्या सुरुवातीला सा 286.5 आणि शेवटी 289.9. पेटीचे सूर पितळेचे असतात, सात मिनिटांत चढत नाहीत. म्हणजे फीत चढते आहे. नवीन बेल्टवर संशय घेतला, काढून पुन्हा बसवला, फरक शून्य.

18 नोव्हेंबर

घरघर कामी येईल असं वाटलं होतं. त्या रात्री ओट्यावर भोंगा लावलेला होता, त्याच्या ॲम्प्लिफायरची बारीक घूं सगळ्या फितीत आहे. अशी घूं विजेच्या दुप्पट असते, 50 ची 100. तिसऱ्या भजनात ती 101.5 भरली. म्हणजे फीत दीड टक्का जलद, हिशेब संपला, असं मी वहीत लिहूनही टाकलं.

रात्री झोपताना लक्षात आलं की 91 साली वीज 50 वर टिकत कुठं होती? टंचाईत ग्रीड 48-49 पर्यंत घसरायची. 50 ऐवजी 48.5 धरली तर उत्तरात अर्ध्या स्वराच्या निम्म्याएवढा फरक पडतो. अशी मोजपट्टी काय कामाची. वहीतलं खोडलं.

24 नोव्हेंबर

कापूस. वेचायला बाया मिळेना, आठवडा शेतातच गेला. कानात तेच भजन.

27 नोव्हेंबर

पेटी मिळाली! मंडळाच्या अध्यक्षांच्या माळ्यावर, युरियाच्या रिकाम्या पोत्यात गुंडाळलेली. साडेतीन सप्तकी, खरज-नर (एका पट्टीला दोन सूर). उंदरांनी भात्याचं कापड कुरतडून चाळण केलेली, पण सूर शाबूत. अध्यक्ष म्हणाले, "ने बाबा, पण तिले रंग-गिंग देऊ नको." भात्याला आतून चामडं आणि फेविकॉल, रात्रभर विटांखाली दाबून ठेवलं.

28 नोव्हेंबर

आज दिवसभर दुकान उघडलं नाही. एकेक पट्टी दाबून एकेक सूर मोजला, 42 पट्ट्या, दोन तास. काळी एक 276.4, म्हणजे पाचेक सेंट उतरलेली. (अर्ध्या स्वराचे शंभर भाग केले की एक भाग म्हणजे एक सेंट.) बाकी बहुतेक आसपासच. पण मधल्या सप्तकाची पांढरी सात 487.6 भरली. ती हवी 493.9. तब्बल 22 सेंट खाली, आणि दाबली की आधी फुसफुसते मग बोलते.

सा काळी एकला धरला की पांढरी सात म्हणजे कोमल नि. या पेटीवर कोमल नि भागिले सा करा: 1.764. नीट लावलेल्या पेटीवर हा आकडा 1.782 यायला हवा. आता फितीकडे गेलो. फीत जलद असो की मंद, दोन्ही सूर सारख्याच पटीनं हलणार, भागाकार हलणार नाही. फितीवर पेटी एकटी वाजते तिथली कोमल नि शोधली: 509.1. भागिले 288.6.

1.764.

हीच पेटी. आणि पांढरी सात तेव्हाही उतरलेलीच होती.

29 नोव्हेंबर

मग फीत का चढते? आज अ बाजू सलग ऐकली, काम म्हणून नाही, नुसतीच. चौथं भजन संपतं, कोणीतरी म्हणतं "थांब थांब", खाट्, आणि पाचवं भजन सुरू होतं ते एकदम खाली. सा 276.9. माळ्यावरच्या पेटीच्या अगदी जवळ.

सेल बदलले होते! बाजूच्या सुरुवातीपासून सेल उतरत होते. रेकॉर्ड करणारी मोटार मंदावत गेली, म्हणून आज नीट वेगात वाजवलं की सूर चढत जातात. पहिल्या भजनात 281, चौथ्याच्या शेवटी 293.5, नवीन सेल पडले की जागेवर. घरघरही त्याच ठिकाणी 103.2 च्या आसपासवरून 97.4 वर पडते. सा आणि घूं एकाच पटीत पडले, म्हणजे दोष टेपच्या वेगाचाच, वाजवणाऱ्यांनी पट्टी बदललेली नाही. माझा बेल्ट निर्दोष सुटला.

जाता जाता गंमत: उलटा हिशेब केला तर त्या कोजागिरीला आमच्या फिडरवर वीज 48.6 हर्ट्झची होती.

ऑडासिटीत टाइम ट्रॅक लावून तिसरं भजन सुरुवातीला साडेतीन टक्के आणि शेवटाकडे पावणेपाच टक्के मंद केलं. आता फितीसोबत मोठेबाबांचीच पेटी वाजवता येते. हे आधी सुचलं असतं तर पंधरा दिवस वाचले असते.

2 डिसेंबर

सगळ्यांचा आग्रह होता म्हणून एआयवालं वेगळं करणंही केलं. डेम्यूक्स. गाणं, ड्रम, बेस आणि इतर अशा चार फायली देतो. लॅपटॉपला ग्राफिक्स कार्ड नाही, म्हणून लावून जेवायला गेलो.

आमची पेटी "इतर" मध्ये निघाली. नाव झोंबलं, पण जिथं पेटी एकटी आहे तिथं काम खरंच छान झालंय, टाळ बरीच गेली. गाणारे सुरू झाले की मात्र पेटी "इतर"मधून उठते आणि "गाणं"मध्ये जाऊन बसते. ज्या गाण्यांवर ही साधनं शिकवतात ती बहुतेक पाश्चात्त्य पॉप-रॉक, तिथं गाणाऱ्याच्या प्रत्येक शब्दामागं त्याच स्वरावर रेंगाळणारं वाद्य नसतं. भजनातली पेटी गाण्याच्या अंगावरच वाजते. एकाच उंचीचे दोन सूर, त्यांचे वरचे उपस्वरही एकावर एक पडलेले. यंत्रानं कशाला कोणाचं म्हणावं?

स्वर ओळखून देणारं बेसिक पिचही लावून पाहिलं. खरज-नर पेटीत एक पट्टी दाबली की दोन सूर बोलतात, त्यामुळं त्यानं प्रत्येक स्वर दोनदा लिहिला आणि वर काही भुतं. पुसण्यात जेवढा वेळ गेला असता तेवढ्यात हातानं होतं. सोडून दिलं.

5 डिसेंबर

रीत ठरली. आधी फक्त ती ठिकाणं जिथं गाणारे श्वास घेतात आणि पेटी एकटी आहे. भजनात एकूण 112 आवर्तनं (भजनी ठेका, आठ मात्रा), त्यातली अशी 26. ही आधी पक्की करायची. तिथून हाताच्या सवयी कळतील, मग गाण्याखालचं.

एका वेळी दोन सेकंद. निम्म्या वेगात, स्वर न बदलता, फिरवत ठेवायचं. आधी तोंडानं म्हणायचं, मग पेटीवर, मग कागदावर. म्हणता आलं नाही तर लिहायचं नाही, हा नियम कडक. लिहिल्यावर कान तेच ऐकायला लागतो. 120 हर्ट्झच्या खालचं आणि 2500 च्या वरचं कापलं की टाळ बरीच मऊ होते. खरजातला तुकडा गढूळ लागला तर उलट दुप्पट वेगानं ऐकायचा, सगळं एक सप्तक वर येतं आणि गाळ खाली राहतो.

9 डिसेंबर

नऊ आवर्तनं.

10 डिसेंबर

काल लिहिलेल्या नऊपैकी चार खोडली. मला वाटत होतं की मोठेबाबा समेवर (आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर) भाता दाबत होते, कारण प्रत्येक समेला पेटी दबते आणि हळूहळू फुगते. फार सुंदर वाटलं, तसं खुणा करून लिहिलं. आज कळलं की ही करामत टेपची आहे. स्वस्त टू-इन-वनमध्ये रेकॉर्डिंगचा आवाज आपोआप कमी-जास्त होतो. टाळ जोरात वाजली की टेप घाबरून सगळ्यांचाच आवाज खाली करते, मग सावकाश वर आणते. गाणारेही त्याच वेळी दबतात, घरघरही दबते. घरघर काही मोठेबाबांच्या भात्यातून येत नव्हती.

समेवरचा टाळकरी टेपच्या अगदी जवळ बसलेला असणार.

16 डिसेंबर

एकट्या पेटीची 26 आवर्तनं झाली. शाईनं लिहिली. आता गाण्याखालची 86.

17 डिसेंबर

सॉनिक व्हिज्युअलायझरमध्ये आवाजाचं चित्र काढलं. गळ्याच्या रेघा नाल्यासारख्या वळत जातात, एका स्वरातून दुसऱ्यात घसरतात. पेटीच्या रेघा पट्टी लावून ओढलेल्या. पेटीला मींड येत नाही, एक पट्टी सुटते आणि दुसरी लागते, मधे काही नाही. इतके दिवस पेटीची ही उणीव म्हणून ऐकत आलो. आकाशवाणीनं 1940 ते 1971 पेटीला बंदी घातली होती त्यामागंही हीच तक्रार होती. आज त्याच उणिवेनं माझं काम चाललं आहे. तिरकी रेघ दिसली की गळा, सोडून द्यायची. पायरी दिसली की पेटी, लिहायची.

अडतं ते गाणाराही एका जागी थांबतो तिथं. दोन्ही रेघा एकच. तिथं पेटी आहे की नाही?

22 डिसेंबर

त्याचं उत्तर उतरलेल्या पांढऱ्या सातनं दिलं. गाणारा कोमल नि त्याच्या कानाप्रमाणं बरोबर लावतो, पेटीची त्याहून जरा खाली. दोन सूर एवढे जवळ आले की ऐकताना हेलकावे येतात, सेकंदाला चारेक. जिथं गळ्याची नि हेलकावते तिथं खाली पेटी आहे. जिथं सपाट आहे तिथं मोठेबाबा गप्प आहेत. सा आणि पंचमावरही थोडं होतं, पण तिथं हेलकावा इतका सावकाश की स्वर तेवढा वेळ टिकतच नाही.

यातून एक गोष्ट निघाली जी मला अपेक्षित नव्हती. कोमल निवर मोठेबाबा कधीच थांबत नाहीत. ध वरून नीला बोट लावून लगेच ध वर परत, ध-नि-ध, आणि मग प. गाणारा नि लांबवतो, हे ध वर उभे. अख्ख्या भजनात असं 14 वेळा. गावातले सगळे पेटीवाले, तो पोट्टासुद्धा, ही जागा अशीच घेतात आणि "आपल्या गावची जागा" म्हणतात. मला वाटतं, ती त्या फुसफुसणाऱ्या सुरामुळं पडली. सूर बेसूर म्हणून बोट पळ काढायचं, आणि गावानं ते शिकून घेतलं.

रात्रभर या शोधावर खूश होतो.

25 डिसेंबर

आबाजींकडे गेलो. त्या रात्री टाळेवर तेच होते, आता ऐंशीच्या पुढे. शोध सांगितला. ते तूर पाखडत होते, हात थांबला नाही.

"नाई बे. मोझरीले पुण्यतिथीत तो दुसऱ्याच्या पेटीवर बसे. नवी कोरी पेटी. तिथंबी असाच वाजवे."

मग काऊन, विचारलं.

"गाणाऱ्याची जागा हाय ना ती. तिथं पेटीनं मधे कायले उभं रायचं?"

शोध वहीतून काढला नाही, बाजूला "आबाजी: नाही" असं लिहिलं.

3 जानेवारी

हाताचा विचार करून तपासणी. डावा हात भात्यावर अडकलेला, म्हणजे सगळं उजव्या हाताच्या आवाक्यात पाहिजे. 58 व्या आवर्तनात मी मंद्र पंचमावरून अर्ध्या मात्रेत तार गंधारावर उडी लिहिली होती. बसून करून पाहिली. होत नाही, कोणाकडूनच होणार नाही. पुन्हा ऐकलं, तर खालचा पंचम तबल्याच्या डग्ग्याचा होता. अशा सहा जागा निघाल्या. ऐकून पटलेलं बोटांना पटलं नाही तर ऐकलेलंच चूक धरतो आता.

11 जानेवारी

शेवटच्या वीस आवर्तनांत लय चढते, सगळे पेटतात, खंजिरी वेडी होते. तिथं पेटी फक्त सा-ग-प धरून ठेवते असं वाटतं. वाटतं एवढंच. पेन्सिल.

19 जानेवारी

हिशेब. 112 पैकी शाईनं 83, पेन्सिलनं 28. पेन्सिल म्हणजे असं असावं, पण शपथ घेणार नाही. पोट्ट्याला तसं बजावलं: शाई आहे ते जसंच्या तसं, पेन्सिल आहे तिथं तुझं डोकं. त्यानं विचारलं, "काका, पेन्सिलवालं चुकलं तर?" म्हटलं, तर तुझं होईल.

राहिलं एक. 31 वं आवर्तन, मात्रा पाच ते सात. तिथं टाळ इतक्या जोरात आणि आडवी पडते की टेप पार खाली जाते, चित्रात नुसती पांढरी भिंत. आधी-नंतरच्या आवर्तनांवरून अंदाज करता येतो, पण नेमकं तिथंच मोठेबाबांनी काहीतरी वेगळं घेतलं असावं, कारण सातव्या मात्रेनंतर एक गाणारा "वा" म्हणतो.

24 जानेवारी

लॅपटॉप घेऊन आबाजींकडे. 31 वं ऐकवलं. दोनदा ऐकलं, तिसऱ्यांदा हसायला लागले.

"मीच हुकलो होतो ना बे तिथं. त्यानं काय घेतलं थे आयकत बसलो अन् टाळ चुकली. मंग जोरात मारली, कोणाले कळू नये म्हून."

काय घेतलं होतं, आठवते का?

डोळे मिटून बसले. बोटं मांडीवर हलली, दोन-तीनदा. "नाई गड्या."

वहीत 31 व्या आवर्तनाच्या तीन मात्रा कोऱ्या सोडल्या आहेत. पोट्टा उद्या वही न्यायला येतो. ब बाजू अजून लावलेली नाही.